चिंध्यांचा चौकोन

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला चार शब्द बोलण्यास सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावरून बोलण्याची सवय नाही. परंतु विषय गोधडीचा आहे म्हणून मी उभी राहिले. गोधडीविषयी बोलायला पुस्तकी विद्या लागत नाही. हाताला सुई टोचलेली असली म्हणजे पुरते, आणि ती येथे बसलेल्या प्रत्येकीला टोचलेली आहे.

आपला पारनेर तालुका म्हणजे पाऊस हुलकावणी देणारा मुलूख. येथे पाणी जपून वापरायचे, धान्य जपून वापरायचे, तसेच कापडही जपूनच वापरायचे. लुगडे नेसून नेसून बसण्याच्या जागी विरले, की फाटका भाग काढून दोन्ही चांगले तुकडे एकत्र शिवायचे. त्याला आपण दंड घालणे म्हणतो. दंड घातलेले लुगडेही विरले, की त्याची बाळासाठी दुपटी आणि चौघड्या. त्यातून उरले ते गोधडीत. आणि गोधडीही झिजली, की ती दुसऱ्या गोधडीच्या पोटात जायची. असे एक लुगडे दोन पिढ्या पुरत असे. आमच्या सासूबाईंची एक गोधडी 1972 च्या दुष्काळाच्या वेळची आहे. त्या सालात त्या खडी फोडायच्या कामावर जात होत्या. रात्री दिव्यापाशी बसून त्यांनी ती शिवली. तिच्या पोटात मैद्याच्या पिशव्या आहेत, वर त्यांच्या आईच्या हिरव्या लुगड्याचा पदर आहे आणि मध्ये नुसत्या पट्ट्या आहेत. एक दोन बोटे रुंद तर एक चार बोटे. कोणी मापे घेतली नव्हती. जी पट्टी हाताला लागली ती बसवली. पण ती गोधडी अंथरली म्हणजे पाहणारीची नजर तिच्यावरच राहते. आज मी ज्या चौकोनांविषयी सांगणार आहे ते मूळचे तिथलेच आहेत.

काही भगिनींना वाटते की चिंध्या जोडणे हे गरिबीचे लक्षण, ते चारचौघांत कशाला सांगायचे? त्यांना मी एवढेच सांगेन की भगवान बुद्धांच्या भिक्षूंचे चीवर तुकडे जोडूनच केलेले असे. मगध देशातली बांध घातलेली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला तसेच वस्त्र करायला सांगितले, अशी कथा विनयपिटकात आहे. आपल्या माळावरून खाली पाहिले तर आपलीही शेते तशीच दिसतात. एक पट्टी ज्वारीची, एक कांद्याची, मध्ये बांधाची शिवण. गाडगे महाराजांना लोक गोधडेमहाराज म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांवरूनच. आणि आपल्याच पारनेरात 1880 साली जन्मलेल्या सेनापती बापटांनी याच गावचे रस्ते स्वतः हातात झाडू घेऊन झाडले. त्या गावच्या बायकांनी चिंधीची लाज का धरावी?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळते. ज्यांना येते त्यांनी कंटाळू नये, कारण आपल्या लेकीसुनांना हे कोणी सांगितलेले नाही.

पहिले काम निवडण्याचे. शिंप्याकडच्या कतरणी, मुलांचे जुने सदरे, परकर, धोतर, चादरी, जे असेल ते जमवा आणि त्याचे तीन ढीग करा. एक निव्वळ सुती, दुसरा नायलॉन आणि पॉलिस्टर अशा बनावट धाग्यांचा, तिसरा टी-शर्टासारख्या ताणणाऱ्या कापडाचा. हे ढीग एकमेकांत मिसळू नका. सुती कापड धुतल्यावर आटते, बनावट आटत नाही. दोन्ही शेजारी शिवले तर पहिल्या धुण्यातच चौकोनाला सुरकुत्या पडतात. शिवाय अंगाला लागणारी बाजू सुतीच हवी, कारण तीच घाम टिपते. पूर्वी हा प्रश्न नव्हता, सगळेच सुती होते. आता नऊवारी सुती लुगडी आपल्या आजीसासूंबरोबर जात चालली आहेत आणि घरात साचतात त्या बनावट धाग्याच्या साड्या. त्यांच्या वेगळ्या गोधड्या कराव्यात. त्या वजनाला हलक्या होतात, लवकर वाळतात. परंतु बाळाखाली घालू नयेत.

दुसरे काम धुण्याचे. नवी कतरणसुद्धा एकदा धुऊन घ्यावी, म्हणजे जे आटायचे ते आधीच आटते. लाल, जांभळे आणि गडद निळे कापड ओले करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. रंग लागला तर तो तुकडा पुन्हा पुन्हा धुवा, तरीही लागत असेल तर बाजूला ठेवा. एक रंग सोडणारी पट्टी सगळी गोधडी नासवते.

तिसरे, पट्ट्या काढणे. कापडाला उभा धागा असतो, आडवा धागा असतो आणि तिरके कापले तर ते रबरासारखे ताणते. शक्यतो उभ्या धाग्यात फाडावी. सुती कापडाला थोडी कात्री लावून फाडले की ते आपोआप सरळ फाटते. रुंदी एकसारखी करण्याचा हट्ट नको. दोन बोटांपासून चार बोटांपर्यंत चालते. एका बोटाहून अरुंद मात्र नको, कारण शिवणीतच ती संपते. तुकडा आखूड असेल तर टोकाला टोक जोडून लांब करा. लुगड्याचे काठ आणि खणाचे काठ निराळे ठेवा. लुगडे विरते, पण काठ मागे राहतो. ज्याप्रमाणे साध्या लुगड्यावर एकच ठुशी शोभते, त्याप्रमाणे एका चौकोनात काठाची एकच पट्टी पुरे.

चौथे, चौकोन भरणे. जुन्या चादरीचे किंवा धोतराचे तेरा इंचांचे चौरस तुकडे कापा. हे झाले अस्तर. शिवल्यावर त्याचा एक फुटाचा चौकोन राहतो. अस्तरावर पहिली पट्टी सुलट ठेवा. तिच्यावर दुसरी पट्टी उलटी, कडेला कड लावून ठेवा आणि पाव इंचावर टीप मारा. आता दुसरी पट्टी उलगडून नखाने किंवा इस्त्रीने दाबा. मग तिसरी, मग चौथी. अस्तर झाकले गेले की चौकोन पालथा घालून अस्तराच्या कडेने बाहेरचे कापड छाटून टाका. अस्तर असल्यामुळे तिरकी पट्टीही ताणत नाही आणि नवशिकीचा चौकोनही चौरसच राहतो. पायमशीन नसेल तर हाताने बारीक धावदोरा घालूनही हेच होते, फक्त वेळ अधिक लागतो.

पहिली पट्टी कोठे ठेवाल त्यावर पुढचे रूप ठरते. ती एका कडेला ठेवली तर शिडी तयार होते. कोपऱ्यात तिरपी ठेवली तर नांगरटीसारख्या तिरक्या ओळी होतात. आणि मधोमध छोटा तुकडा ठेवून त्याच्या चारी बाजूंनी फिरत गेले, तर वाड्याचा चौक आणि भोवतीच्या पडव्या असतात तसा चौकोन होतो.

आता पुढची पट्टी कोणती घ्यायची हे कोण सांगणार? कोणीच नाही. नक्षी कागदावर काढलेली नसते. मांडीवरचे काम पाहायचे आणि ढिगातून उचलायचे. दोन गडद पट्ट्या लागोपाठ आल्या, तर तिसरी फिकी घ्यावी. दोन रुंद झाल्या की एक अरुंद घ्यावी. शिवण कलली, तर पुढची पट्टी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती कापावी, म्हणजे तोल येतो. किंवा कलूच द्यावी, तीही वाईट दिसत नाही. आणि चौकोन पुरा होऊनही मनास येत नसेल, तर तो सरळ मधोमध कापावा, एक तुकडा फिरवावा आणि मध्ये नवी पट्टी घालून पुन्हा जोडावा. स्वयंपाकात पाणी अधिक झाले की आपण थोडे पीठ लावून आमटी दाट करतो. त्यासाठी कोणी पाककृतीचे पुस्तक उघडत नाही. हेही तसेच.

पाचवे काम मांडणीचे. पाच आडवे आणि सात उभे, असे पस्तीस चौकोन झाले की ते जमिनीवर पसरावेत आणि दाराशी जाऊन दुरून पाहावेत. शेजारणीलाही बोलवावे. दोघीतिघी मिळून इकडचा चौकोन तिकडे करतात, त्या अर्ध्या तासात जेवढी हसाहशी होते तेवढी महिन्यात होत नाही. मग चौकोन जोडायचे, आत जुन्या कापडाचे थर घालायचे, खाली मोठे कापड लावायचे, चारी कोपरे टाचायचे आणि धावदोरा घालायला बसायचे. काही जणी सरळ ओळी घालतात, काही कडेने फिरत फिरत मध्ये येतात. शेवटी कडेला गोट.

हे काम केवळ आपल्याकडेच होते असे नाही. बंगालमध्ये कांथा आहे, बिहारमध्ये सुजनी आहे, सिंध-राजस्थानात रल्ली आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. गोव्यात पोर्तुगीजांनी ज्यांना गुलाम करून ठेवले त्यांच्यातले पुष्कळ जण पळून रानात गेले. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. त्याही कडेपासून सुरुवात करून फिरत मध्ये येतात, आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुले लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी-वाघडी दिसते, असे त्या मानतात.

आणखी एक गोष्ट मला माझ्या मुलीने मोबाइलवर दाखवली, ती फार विचार करण्यासारखी आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे खेडे आहे. तेथील काळ्या लोकांचे पूर्वज कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. तेथल्या बायका नवऱ्यांच्या फाटक्या विजारी आणि सदरे यांच्या पट्ट्यांतून गोधड्या शिवत. त्याही कागदावर काढून नव्हे, मनाने. 1966 साली त्या भागातल्या बायकांनी सहकारी संस्था काढली आणि गोधड्या न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांना विकू लागल्या. पैसा आला, कामाला मोल आले. परंतु दुकानांना सगळा माल एकसारखा हवा असे. तेव्हा ठरलेल्या नक्ष्या, ठरलेली मापे असे काम सुरू झाले, आणि मनाने शिवणे घरापुरतेच उरले. पुढे 2002 साली ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत त्या गावच्या गोधड्या भिंतीवर लावल्या गेल्या. कोणत्या लावल्या? दुकानासाठी शिवलेल्या नव्हेत. घरच्या थंडीसाठी मनाने शिवलेल्या लावल्या. 2006 साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली.

ही गोष्ट मी करमणुकीसाठी सांगितली नाही. आपल्या मंडळापुढे सध्या तोच प्रश्न आहे. शहरातल्या एका व्यापाऱ्याने आपल्याला वीस गोधड्यांची मागणी दिली आहे. पाच फूट बाय सात फूट, पट्ट्यांच्या चौकोनांच्या, वीसही अगदी एकसारख्या. आणि गोधडीला सातशे रुपये. पुष्कळ भगिनींना वाटते की घ्यावी. त्यांचे म्हणणे मी ऐकले आहे. त्या म्हणतात, दुपारचा वेळ नाहीतरी वायाच जातो, त्यात चार पैसे मिळाले तर काय वाईट? हे म्हणणे टाकाऊ नाही. ज्या घरी हातात रोकड येतच नाही, त्या घरी सातशे रुपये म्हणजे मुलांच्या वह्या आहेत, औषध आहे. म्हणून मी नुसते मत न सांगता हिशेब मांडते. माझे गणित सातवीचे आहे, पण ह्याला तेवढे पुरते.

पस्तीस चौकोन. सराईत हाताला एका चौकोनास चाळीस मिनिटे, म्हणजे 23 तास 20 मिनिटे. ते एकमेकांना जोडायला 3 तास. पुढे धावदोरा. पाऊण इंचाला एक ओळ धरली तर सात फुटांत 112 ओळी, प्रत्येक ओळ पाच फुटांची. म्हणजे सुई 560 फूट चालते. इंचाला चार टाके धरा, म्हणजे एका गोधडीत सुमारे 27 हजार टाके होतात. एका ओळीस वीस मिनिटे धरली तर 37 तास 20 मिनिटे. निवडणे, धुणे, इस्त्री, गोट आणि कोपरे मिळून 6 तास 20 मिनिटे. सगळे मिळून 70 तास. सातशे रुपयांना 70 तासांनी भागा. तासाला दहा रुपये झाले. आठ तासांच्या दिवसाला ऐंशी रुपये. आणि त्यातूनच दोऱ्याचे रीळ, सुया आणि खालचे कापड आणायचे. कांदे काढायला गेलेल्या बाईला कोणी ऐंशी रुपये हजेरी देऊ केली, तर ती शेतात पाऊल तरी टाकेल काय? हजेरी तीनशे धरली तर नऊ दिवसांचे 2,700 होतात. साहित्याचे तीनशे मिळवले की तीन हजार. ही झाली निव्वळ मजुरी, नफा नव्हे.

भगिनींनो, घरच्यासाठी शिवताना आपण तास मोजत नाही आणि मोजूही नयेत. लेकीच्या बाळंतपणासाठी दुपटे शिवणारी आई घड्याळाकडे पाहत नाही. परंतु व्यापारी हा काही आपला नातू नव्हे. आपण माया म्हणून जे फुकट देतो, तेच त्याने भाव म्हणून धरले आहे. यात त्याला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. आपण कधी तास मोजलेच नाहीत, तर दुसरा कशाला मोजील?

आणि एकसारख्या वीस कशा शिवायच्या? चिंध्या एकसारख्या येत नाहीत. वीस सारख्या करायच्या तर नवे कापड ताग्याने आणावे लागेल, आणि चांगले कापड फाडून चिंध्या करण्यासारखा वेडेपणा नाही. शिवाय तसली गोधडी यंत्र आपल्यापेक्षा स्वस्त करते, त्याच्याशी आपण पुऱ्या पडणार नाही. यंत्राला जे येत नाही ते म्हणजे पुढची पट्टी पाहून निवडणे. विकायचे असेल तर तेच विकावे.

तेव्हा माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, मंडळात एक वही ठेवावी. जी भगिनी जे शिवेल तिचे तास त्यात रोजच्या रोज लिहावेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे शेजारणीने लिहावेत. भाव सांगताना ती वहीच पुढे ठेवावी. दुसरी, मोठ्या गोधडीऐवजी चार चौकोनांचे दोन फुटी आसन करावे. चौकोनांना दोन तास चाळीस मिनिटे, धावदोऱ्याला सव्वाचार तास, गोटाला एक तास. म्हणजे एक आसन हे बरोबर एका दिवसाचे काम आहे. एक दिवस, एक हजेरी, असा भाव कोणालाही समजतो, आणि नवशिकीलाही पुरे केल्याचा आनंद लवकर मिळतो. तिसरी, प्रत्येकीने आपल्या कामाच्या कोपऱ्यात आपली एक खूण घालावी. कोणी फूल, कोणी तुळस, कोणी नुसते तीन उलटे टाके. हे काम कोणाचे हे निदान आपल्याला तरी ओळखता यावे.

मागणी घ्यायची की नाही हे येत्या बैठकीत सर्वांनी मिळून ठरवावे. बहुमताने घ्यायची ठरली तर मीही माझ्या वाटणीची शिवीन, कारण मंडळ एकीने चालते. परंतु सातशेला होकार देण्यापूर्वी व्यापाऱ्याला हा हिशेब एकदा दाखवावा, एवढी माझी विनंती आहे. तो नाही म्हणाला तर आपले काही जात नाही. चिंध्या आपल्या आहेत आणि हातही आपलेच आहेत.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. घट बसण्यापूर्वी आपण सगळ्याजणी घरातल्या गोधड्या धुवायला काढतो. ज्या वर्षी पाऊस झाला त्या वर्षी ओढ्याकाठी वाळत घातलेल्या गोधड्यांनी सगळा काठ रंगून जातो. या खेपेला धुताना प्रत्येकीने आपल्या घरातली सर्वांत जुनी गोधडी नीट पाहावी. कोणती पट्टी कोणाच्या लुगड्याची, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून लेकीसुनेला सांगून ठेवावे. सासूबाईंनी मला सांगितले नसते, तर ती हिरवी पट्टी माझ्या लेखी नुसती हिरवी पट्टीच राहिली असती.

पुढच्या महिन्यापासून मंडळाच्या जागेत दुपारी चौकोन शिकवण्यास मी तयार आहे. येताना एक सुई, एक कात्री आणि घरातल्या चिंध्यांचे बोचके आणावे. फी काही नाही.